सलूनमधली ठेकेबाज तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. पण म्हातारी म्हणाल तर याद राखा! परवा तब्बल बारा वर्षांनी वाजले आणि काय वाजले म्हणून सांगू!

कारखान्यात काळ्या, गरम प्लास्टिकवर दोन साचे दाबले आणि माझा जन्म झाला. माझ्यात हिप-हॉप आहे, पण गाणारं कुणी नाही. खाली ड्रमचा दणका, वर जुन्या पियानोचे तुकडे. बस्स!

एका सलूनवाल्याने मला हौसेने दुकानात आणलं. त्याची कात्री केसांत नसली तरी हवेत चालूच, कच्-कच्, कच्-कच्! ती माझ्या ठेक्यात अशी चपखल बसायची की लोक केस वाढायच्या आधीच यायचे. घात तिथंच झाला. एक शिंपीकाका मान डोलवता डोलवता अर्धी मिशी गमावून बसले.

"डोकी डोलवायचीत ना? मग कात्री खाली ठेवा!" सलूनवाल्याची बायको कडाडली. माझी रवानगी कपाटावर झाली. फार वाईट वाटलं हो.

यंदा सलूनवाला जिन्यावरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. पण त्याने धसकाच घेतला. कात्री धरली की हात जागीच थांबे. शेवटी दुकान दुसऱ्याला द्यायचं ठरलं. परवा संध्याकाळी चावी द्यायची होती. आवराआवर करताना त्याच्या लेकीने मला खाली काढलं, मऊ फडक्याने पुसलं आणि लावलं.

पहिला दणका बसला! अहाहा! सलूनवाला खोका टाकून धावत आला.

"थांब, थांब! हा पियानोवाला इथे चुकतो! आणि तसाच पुढे वाजवतो! इतकी वर्षं मला ऐकूच आलं नाही गं!"

"तुझ्या कात्रीचा आवाज काय कमी होता, बाबा?" लेक हसली आणि खुर्चीत जाऊन बसली. "चल, शेंडे काप."

"वाकडं झालं तर?"

"होऊ दे. केस आहेत, वाढतील."

त्याने कात्री उचलली. आधी हवेत, कच्-कच्. मग केसांत! मला तर गरगर फिरतानाही नाचावंसं वाटत होतं. एक बाजू बोटभर आखूड झाली, पण हात थांबला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण धूळ खात असेल, तर तिला उन्हात टाकू नका. हळुवार पुसा आणि लावा हो, लावा!

तेवढ्यात चावी न्यायला माणूस आला. सलूनवाल्याने वर न बघताच सांगितलं, "बसा. यांच्यानंतर तुमचा नंबर."