सूपच्या जाहिरातीतली नजर

आमच्या ह्यांनी माझ्याशी नाही, माझ्या एका नजरेशी लग्न केलं. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच येईल त्या पाहुण्याला सांगायचे. पाहुणा नवा असला की त्यांना चेवच यायचा. लग्नाआधी मी टीव्हीवरच्या एका सूपच्या जाहिरातीत होते. सिनेमातला मोठा हिरो दमूनभागून घरी येतो, बायको समोर वाटी ठेवते, तो पहिला चमचा तोंडात घालतो आणि बायको त्याच्याकडे बघते. झाली गोष्ट. पण ती नजर तेव्हा फार गाजली. "आपल्याकडेही असं कोणीतरी बघावं, असं वाटलं," हे सांगायचे. "मग मामाच्या मागे लागलो आणि हिचा पत्ता काढला." पाहुणे हसायचे आणि मी चहाच्या निमित्ताने आत सटकायचे.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे हे डोळे तपासतात आणि मागच्या टेबलावर मी काचा बसवते, स्क्रू आवळते. जगाची नजर सुधारणाऱ्या माणसाने जाहिरात बघून बायको केली, हा आमच्याकडचा जुना विनोद. बाकी माणूस सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. जेवायला बसले की पहिला घास घ्यायचा, मान वर करायची आणि माझ्याकडे बघत राहायचं. मला वाटायचं, मिठाचं काहीतरी बिनसलंय. दिवसभर दुकान, वर स्वयंपाक, आणि त्यावर ही रोजची परीक्षा. मी फटकन म्हणायचे, "मीठ बरोबर आहे. जेवा आता."

"बरोबर आहे," म्हणून ते खाली बघायचे.

तर आमची लेक. ती कॉलेजात टीव्ही, सिनेमा, जाहिराती असल्या गोष्टींचा अभ्यास करते. एका जाहिरातीची चिरफाड करून आणा, असं वर्गाला सांगितलं होतं. गोष्ट कोणाची आहे, त्यात नामवंत माणूस कशाला घेतलाय, बाई कशी दाखवलीय, पुरुष कसा दाखवलाय, सगळं लिहायचं होतं. हिने आईचीच जाहिरात उचलली. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. पलीकडच्या टोकाला हे कोणाच्यातरी चष्म्याची दांडी बसवत होते.

"बघ आई, हिरोला नाव आहे. शेवटी पडद्यावर त्याची सहीसुद्धा येते. तुला नावच नाही."

"बायकोला नाव कशाला लागतं? 'अगं' म्हटलं की काम भागतं."

हे गालातल्या गालात हसले.

"तो बाहेरून काहीतरी जिंकून आलाय. तू दिवसभर काय केलंस, ते कोणी विचारतच नाही. भूक फक्त त्याला आहे. टेबलावर वाटी एकच आहे, हे कधी बघितलंस?"

एवढ्या वर्षांत मी ते बघितलं नव्हतं. पोरगी हुशार आहे, कोणावर गेलीय कोण जाणे.

"म्हणजे सूप घ्या आणि हिरो व्हा," ती म्हणाली. "शिवाय अशी बघणारी बायको फुकट."

"मी सूप कधी आणलं नाही हं," हे म्हणाले. "बायको तेवढी आणली."

आम्ही तिघंही हसलो. मग तिने माझ्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं. केवढी कोवळी होते मी. "हीच ती नजर," लेक म्हणाली. "माझं अर्धं लिखाण हिच्यावर आहे. पुरुषाकडे देवासारखं बघायला बायकांना कसं शिकवतात, ते. आई, खरं सांग, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

ह्यांच्या हातातला बारका स्क्रूड्रायव्हर थांबला. मला ते दिसलं. दिसूनही मी बोलले, कारण गोष्ट रंगवायची संधी मिळाली की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

"मनात काय होतं ते सोड, पोटात काय होतं ते विचार. कावळे कोकलत होते," मी म्हणाले. "झगा मला घट्ट होत होता, मागून बंद होईना म्हणून पाठीला सगळ्या टाचण्या. कपडेवाली बाई म्हणाली, काम संपेपर्यंत एक घासही खायचा नाही. सकाळपासून उपाशी. आणि हिरोसाठी दर वेळी नवी गरम वाटी. दोन चमचे खायचा आणि बाकीचं फेकून द्यायचे."

"आणि तू त्याच्याकडे बघत होतीस?"

"तो होता कुठे? त्याची वेळ संपली, गाडीत बसला आणि गेला. माझा चेहरा घ्यायचा राहिला होता. मग त्याच्या खुर्चीत एक जाडा मदतनीस बसवला, मला बघायला कोणीतरी हवं म्हणून. तो नुसते भुरके मारत सुटला. दिग्दर्शक ओरडतोय, प्रेमाने बघ, प्रेमाने बघ. मी बघतेय त्या चमच्याकडे. आता तरी थोडं उरवेल, आता तरी उरवेल. मेल्याने वाटी चाटूनपुसून साफ केली."

लेक पोट धरधरून हसली. हेही हसले. गिऱ्हाइकाने शिळा विनोद केला की दुकानात जसे हसतात, तसे. मग त्यांच्या हातून स्क्रू खाली पडला. तो शोधायला ते टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"सापडला का हो?"

"नाही. राहू दे, दुसरा बसवतो."

लेकीच्या निबंधाचं वर्गात कौतुक झालं. तिने तो आम्हाला वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, 'देशभर प्रेमाची म्हणून गाजलेली ती नजर भुकेची होती.' ह्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "छान लिहिलंयस, बाळा," म्हणाले.

नंतर एकदा लेकीच्या मैत्रिणीचे आईवडील घरी आले. नवे पाहुणे. मी आत सटकायच्या तयारीने उभी होते. हे काचांच्या वाढलेल्या भावांबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले. पाहुणे निघून गेले, पण जाहिरातीची गोष्ट काही आली नाही.

त्या रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की ते मान वर करत नाहीत. त्या रविवारपासून एकदाही केली नव्हती. सरळ ताटात बघून जेवत होते. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिठाचं कधीच काही नव्हतं. लग्न झाल्यापासून हा माणूस पहिला घास घेऊन वाट बघत होता आणि रोज मी त्याला मीठ सांगत होते.

वाईट याचं वाटतं की ती नजर माझ्याकडे नव्हती असं नाही. लहान पोराला पहिला चष्मा लावताना हे खाली गुडघ्यांवर बसतात, कानामागे दांडी टोचतेय का ते बोटाने बघतात आणि पोर एकदम दूरची पाटी वाचायला लागलं की त्याच्याइतकेच खूश होतात. मागच्या टेबलावरून मी ते कितीदा बघितलंय. तेव्हा माझा चेहरा कसा होत असेल, ते मला ठाऊक आहे. पण त्यांची तेव्हा माझ्याकडे पाठ असते.

काल मी वाढून झाल्यावर बसले नाही. डाव हातात धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी पहिला घास घेतला. मी बघत होते, अगदी मनापासून, आणि या वेळी आधीच पोटभर जेवून. ते चावत राहिले, ताटाकडे बघत.

"मीठ कसं झालंय?" मी विचारलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि मान खाली घालून जेवत राहिले.