मागचं दार बाहेरून उघडायचं

मित्रांनो, पळस्पे फाटा ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलात की पत्र्याचं एक लांबच लांब कुंपण दिसतं. आत जुन्या गाड्या विकायला उभ्या असतात. मागच्या रांगेत, कावळ्यांनी टपाची पार रया घालवलेली जी रुपेरी गाडी आहे ना, ती मी. गिऱ्हाइकं येतात, टायरला लाथ मारून बघतात. मागचं दार उघडलं की म्हणतात, "अरे वा, मागची सीट तर कोरी करकरीत आहे." मालक कौतुकाने मान हलवतो. सीट कोरी का राहिली, हे त्यालाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, पण मला कोण विचारतो? तुम्ही आलाच आहात तर बसा जरा.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. रंगाचा उग्र वास आणि एकीमागून एक बाहेर पडणाऱ्या माझ्यासारख्याच बहिणी, एवढंच. कौतुक म्हणजे काय ते पनवेलला आल्यावर कळलं. साल २०१०, दसऱ्याचा दिवस. शैलेशने मला घरी आणलं. न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात तो सुपरवायझर होता. त्याच्या बायकोने, कोमलने, मला हळदकुंकू लावून चाकांखाली लिंबं ठेवली. त्याच्या आईने, मैनाबाईने, मीठमोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली. शैलेश-कोमलची छोटी लेक समृद्धी आत शिरून सीटवर उड्या मारत होती. आणि या गडबडीत एक म्हातारबाबा काठी टेकत माझ्याभोवती सावकाश फिरत होते. होडी विकत घेताना फळ्या ठोकून बघाव्या तसे बोटाच्या पेराने माझा पत्रा ठोकत होते. ते आनंदाबाबा, शैलेशचे वडील.

त्यांचा जन्म उरणच्या खाडीवर मासेमारीत गेला होता. एकदा होडीतून उतरताना पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि लेकाने त्यांना पनवेलच्या फ्लॅटमध्ये आणलं. फ्लॅटमध्ये त्यांना करमेना. टीव्हीतल्या बायका रडतात म्हणून ते टीव्ही लावत नसत. अशात मी आले, आणि बाबांना काम मिळालं. रोज सकाळी ते खाली येत, शैलेशकडून किल्ली मागून घेत आणि माझ्यात बसून एकेक गोष्ट शोधून काढत.

पुढचा खण उघडला की आत चिमुकला दिवा लागतो, हे घरात सगळ्यात आधी त्यांना सापडलं. दार लावल्यावर छतातला दिवा फट्‌कन विझत नाही, हळूहळू मंद होतो, हे बघायला त्यांनी दार इतक्या वेळा उघडलं आणि लावलं की वॉचमन बघायला आला. उन्हाच्या झापेमागे आरसा होता. पेट्रोलच्या काट्याजवळ एक इवलासा बाण होता. शैलेश दर वेळी पंपावर मला उलट्या बाजूने नेऊन लावायचा. बाबांनी एकदा बाणाकडे बोट केलं. "टाकी ज्या अंगाला, तिकडं बाण हाय. बघितलास काय कदी?" शैलेशने बघितलं नव्हतं. तो हसला. मला तर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझ्या अंगावरच्या बारीकसारीक गोष्टी इतक्या मायेने पुन्हा कुणी बघितल्या नाहीत.

पण नव्या गाडीत कौतुकाइतकीच कटकटही असते. पट्टा लावला नाही की मी टिंग टिंग करायचे. शैलेश वैतागून पट्टा पाठीमागून अडकवायचा. सीटवरचं प्लास्टिक त्याने काढू दिलं नव्हतं. "बाबांच्या कपड्यांना अजून खाडीचा वास येतो, सीट खराब होईल," असं तो कोमलला म्हणाला. बाबा मागेच बसले होते, त्यांनी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्या प्लास्टिकवर उन्हाळ्यात बसवत नसे. समृद्धीला ऊन लागतं म्हणून मागच्या काचांवर काळी फिल्म आली. बाहेरून आतलं काही दिसेनासं झालं.

सगळ्यात मोठी कटकट म्हणजे माझा भोंगा. शैलेशने तो पनवेलच्या एका दुकानातून हौसेने बसवून घेतला होता. मला जरा धक्का लागला की तो सूर बदलून बदलून केकाटायचा. मांजर टपावर चढलं, शेजारून ट्रेलर धडधडत गेला, कुणी फटाका लावला, की झालंच. बिल्डिंगमधली माणसं खिडक्यांतून शिव्या घालू लागली. सुरुवातीला शैलेश धावत खाली यायचा. मग गॅलरीतून रिमोटचं बटण दाबू लागला. पुढे पुढे खिशात हात घालून, न बघता, अंगठ्याने मला गप्प करायची त्याला इतकी सवय झाली की बोलता बोलता वाक्यही तुटायचं नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. याच फाट्यावर एकदा समृद्धीने चालत्या गाडीचं मागचं दार उघडलं. पाठीमागून कंटेनर येत होता. कोमलने तिला फ्रॉकला धरून आत ओढलं म्हणून पोर वाचली. घरी येताच शैलेशने मागच्या दोन्ही दारांच्या कडेचा छोटा खटका खाली ओढला. लहान मुलांसाठीच असतो तो. खटका खाली असला की दार आतून उघडत नाही, बाहेरून मात्र बोट लावलं की उघडतं.

समृद्धीसाठी हे बरंच झालं. पण मागे बाबाही बसायचे. त्यांना हे कुणी सांगितलं नाही. एका लग्नाहून परतल्यावर सगळे उतरून लिफ्टकडे गेले आणि बाबा आत हँडल ओढत राहिले. कोमलच्या लक्षात आलं, ती परत आली. "अय्या बाबा, सॉरी. समृद्धीसाठी लॉक केलंय. तुम्ही बसून राहायचं, आम्ही उघडतो ना."

"बरं," बाबा म्हणाले. "आजवर होडीतून लोकांना मी उतरवलं. आता मना सून उतरवतंय." ते हसले, कोमलही हसली. पण मला त्यांचा चेहरा आरशात दिसत होता. त्या दिवसापासून ते किल्ली मागायला आले नाहीत. गाडी थांबली की हात मांडीवर ठेवून कुणीतरी दार उघडायची वाट बघत बसायचे. हँडलला हात लावायचंच त्यांनी सोडून दिलं.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. उलव्याच्या बाजूला मैनाबाईंच्या भाचीचा साखरपुडा होता. भर दुपारचा मुहूर्त. तिकडे सगळीकडे इमारतींची कामं चाललेली, धुळीने काचा उघडायची सोय नव्हती. एसीच्या गारव्यात बाबांना डोळा लागला. काठी उतरताना काढून द्यायची म्हणून डिकीत ठेवली होती. शैलेशने मला मांडवापासून थोड्या अंतरावर, एका अर्धवट इमारतीच्या सावलीत लावलं.

"उठवू का बाबांना?" कोमलने विचारलं.

"झोपू दे. रात्रभर खोकत होते. सावली आहे, सगळे बसले की नेऊ," शैलेश म्हणाला. मैनाबाईंनी आपल्या पदराने नवऱ्याचं कपाळ पुसलं आणि दार हळूच लावलं. शैलेशने चालता चालता रिमोट दाबला. मी चहूबाजूंनी बंद झाले. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, मित्रांनो. हे मी शपथेवर सांगेन.

सावली जागची हलायला फार वेळ लागला नाही. आधी बॉनेट तापलं, मग टप, मग ऊन मागच्या काचेवर आलं. बाबा जागे झाले तेव्हा सीटचं प्लास्टिक त्यांच्या पाठीला चिकटलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गळ्यावरचा घाम पुसला, आणि हात मांडीवर ठेवून बसले. वाट बघत. मला आजही तेच आठवतं. माणूस भट्टीत बसला होता आणि कुणीतरी येईल, दार उघडेल, म्हणून शिस्तीत वाट बघत होता. शिकवलं होतं ना आम्ही त्यांना तसं.

मग श्वास पुरेना. त्यांनी काचेचं बटण दाबलं, पण किल्लीशिवाय काच उतरत नाही. हँडल ओढलं. पुढच्या दोन सीटांमधून स्टिअरिंगकडे हात लांबवला. खुबा वळेना, हात गिअरपर्यंत जाऊन थांबला. हॉर्न तिथून वीतभर पुढे. "मैना," त्यांनी हाक मारली. मांडवात बेंजोपार्टी रंगात आली होती. त्यांनी मुठीने काच ठोकली.

आणि मी ओरडले. आजवर मांजरांसाठी, ट्रेलरसाठी, फटाक्यांसाठी ओरडत होते, पण त्या दुपारी पहिल्यांदा मला ओरडण्याचा अर्थ कळला. जितका म्हणून जोर होता तितका लावला. बाबांच्या चेहऱ्यावर जरा धीर आला. "आता येल," ते पुटपुटले.

मांडवाच्या कडेला शैलेश पाहुण्यांशी बोलत उभा होता. जवळच बायकांत मैनाबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "शैलेश, तुजी गाडी वाजतंय रे."

"मांजर असेल, आये," तो म्हणाला. त्याचा हात खिशात गेला आणि मी गप्प झाले.

बाबांनी पुन्हा ठोकलं. मी पुन्हा ओरडले. पुन्हा खिशात हात. तिसऱ्या खेपेला ठोका इतका हलका होता की मी कशीबशी वाजले. मैनाबाई उठू लागल्या, तेवढ्यात त्यांना ओटी भरायला कुणीतरी आत बोलावलं. शैलेश पाहुण्यांना म्हणाला, "डोकं उठवलंय या भोंग्याने," आणि त्याने रिमोटवरचं दुसरं बटण दाबलं. ते भोंगा पार बंद करायचं. त्यानंतर बाबांचा हात काचेवर पडला तेव्हा नुसते माझे दिवे लुकलुकले. मे महिन्याच्या त्या उन्हात ते कुणाला दिसणार?

जेवणाची पंगत उठल्यावर कोमल ताट घेऊन आली. सासऱ्यांसाठी तिने भात वेगळा मऊ करून आणला होता. तिने शैलेशकडून आणलेला रिमोट दाबला, मागच्या दाराला बोट लावलं आणि दार लगेच उघडलं. ताट तिच्या हातून खाली पडलं. मला भरधाव पनवेलच्या दवाखान्यात नेलं, शैलेशने सिग्नल बघितले नाहीत, पट्टा लावला नाही, मी टिंग टिंग करत राहिले. काही उपयोग नव्हता. बाबा उलव्यालाच गेले होते.

लोकांना सांगितलं, गाडीत झोपेतच गेले. वय झालंच होतं. बहुतेकांना ते पटलं.

तेराव्याला बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये ताडपत्री बांधली होती. मी तिच्या कडेलाच उभी. बाबांची बहीण गुणाबाई उरणहून आली होती. तिचं बोलणं सरळ. जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "शैलेश, तुज्या गाडीला भोंगा हाय ना? मांजर चढला तरी सगली बिल्डिंग उठतंय. मंग त्या दिशी कसा नाय वाजला?"

शैलेश जमिनीकडे बघत होता. "बिघडला होता, आत्या," तो म्हणाला. "वाजलाच नाय."

गुणाबाईने वहिनीकडे तोंड वळवलं. "मैना, तू तं तितंच व्हतीस. तू आयकलास काय?"

मैनाबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्या माऊलीने तो आवाज ऐकला होता, त्याला सांगितला होता, उठायलाही लागली होती. मला वाटलं आता बोलेल. मला फार वाटत होतं तिने बोलावं.

"नाय," मैनाबाई म्हणाल्या. "नाय वाजला."

पाहुणे गेल्यावर शैलेश तिथेच खुर्चीत तोंड झाकून रडायला लागला. मैनाबाई भांडी गोळा करत होत्या. त्या थांबल्या. "लोकांना मी सांगितला," त्या म्हणाल्या. "समृद्धी मोठी झाली की तिला खरा काय ता तू सांग. तवा मी नसेन." आणि त्या भांडी घेऊन वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. "भोंगा तर चांगला चालू आहे साहेब," तो म्हणाला. शैलेशने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भोंगा काढून टाकायला लावला. मागच्या सीटवर त्या घरातलं कुणी पुन्हा बसलं नाही. मग मला विकलं. पुढचा मालक एकटाच फिरायचा, मागे सामानसुद्धा ठेवत नसे. त्याने मला इथे आणून सोडलं. पाऊस येतो, ऊन येतं, कावळे येतात. त्याचं मला काही नाही. पण बिघडलेली म्हणून माझं नाव झालं, ते मला अजून लागतं.

समृद्धी आता चांगली मोठी झाली असेल. तिला बापाने सांगितलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. म्हणून मी तुम्हाला सांगितलं. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जो सूर लावून देतात तोच आम्ही वाजवतो, मांजरासाठीही आणि माणसासाठीही. आत कोण आहे ते आमच्या आवाजावरून कळत नाही, त्यासाठी उठून यावं लागतं. तुम्ही उठून या. घरातल्या म्हाताऱ्यांना दार कसं उघडतं ते आधी दाखवा. आणि त्या दुपारविषयी कुणी काही वेगळं सांगितलं, तर त्याला सांगा की तुम्ही गाडीला स्वतः भेटलात. मी वाजले होते.