रांजणाचा श्वास

आमच्या गाण्यात वाद्य नसतं. पेटी नाही, गिटार नाही, साधी टाळीसुद्धा नाही. मास्तर खिशातून छोटी शिट्टी काढतात, एक सूर फुंकतात, की पुढे आम्ही आणि आमची फुप्फुसं. दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकवून, आम्ही चौघे उभ्याने सराव करायचो. मास्तरांचा सूर सगळ्यांत वर, त्यांच्या खाली शिंपी, मग मी. माझा आवाज मधला, म्हणजे वेगळा कुणाला ऐकूच येत नाही. माझ्या स्वभावाला तेच बरं होतं. आणि तळाला रांजण.

रांजण हे बेकरीवाल्याला आम्ही ठेवलेलं नाव. त्याचा आवाज रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमायचा. तो खाली उतरला की भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या बारीक थरथरत. ती थरथर माझ्या डाव्या बाजूने यायची, कारण तो नेहमी माझ्या डावीकडे उभा राहायचा.

वाद्य नसलं की आवाजात खंड पडू द्यायचा नाही, हा पहिला नेम. एकाने श्वास घेताना बाकीच्यांनी सूर धरायचा. याला आम्ही श्वास चोरणं म्हणतो. मास्तरांनी रचलेल्या एका गाण्यात मात्र शेवटच्या 'ने मला घरा' या ओळीला आम्ही तिघे एकदम थांबून पोटभर श्वास घेतो. तेवढा वेळ रांजण एकटा तो 'रा' धरून राहायचा. मग त्याच्या सुरावर पाय ठेवून आम्ही वर चढायचो.

तो गेला, तो धाप लागूनच. जन्मभराचं पीठ छातीत बसलंय, असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या आठवड्यात तो उशीला टेकून, तोंड उघडं ठेवून नुसती हवा शोधत असायचा.

त्याच्या स्मरणाच्या उपासनेत हेच गाणं म्हणा, असा त्याच्या बायकोचा, वहिनींचा, निरोप आला.

"तिघांत खालचा आवाज तुमचाच," मास्तर मला म्हणाले. "रांजणाची जागा तुम्ही घ्यायची. आम्ही श्वास घेऊ, तेव्हा तुम्ही 'रा' धरायचा."

"मला जमेलसं वाटत नाही."

"तुम्हाला कधी काही जमेलसं वाटलंय?" शिंपी म्हणाला. "लग्नात पाळकांनी तीनदा विचारलं, तेव्हा कुठे 'हो' म्हणालात!"

आम्ही गायला लागलो. 'घरा' आलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मीही त्या दोघांबरोबर श्वास घेतला. चूक कळली तेव्हा तो अर्धा आत गेला होता. तिघांचीही तोंडं उघडी, तिघेही हवा आत ओढताहेत. आणि 'रा' चालूच होता.

माझ्या डाव्या बाजूला, खाली, संथ. खुर्च्या थरथरत होत्या.

आम्ही त्याच्यावर पाय ठेवून वर चढलो, गाणं संपवलं. दुसरं काय करणार? पायांनाच सवय.

शिंपी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"तुम्ही धरलात ना?" त्याने मला विचारलं. मी हो म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं.

"नाही," मी म्हणालो.

पुन्हा गाऊन पाहिलं. पुन्हा तेच.

मास्तरांचे डोळे भरून आले. "देवाची कृपा. रविवारी असंच होऊ दे. तुम्ही काही धरू नका."

मला हायसं वाटलं. लोकांसमोर एकट्याने सूर धरायची वेळ टळली होती.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "तुम्ही तिघे श्वास घेता. मग ते कधी घेतात?"

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. पदराच्या काठाला पीठ लागलेलं. आता बेकरी त्याच बघत होत्या.

"वहिनी, आत या ना," मास्तर म्हणाले. "ऐकलंत ना? तो आपल्यातच आहे."

"ऐकलं. म्हणून तर विचारतेय." त्या मास्तरांकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होत्या. "भावजी, शेवटचे दिवस मी उशाशी बसून काढलेत. एकेका घोटभर हवेसाठी किती तडफडले ते. आणि तुम्ही त्यांना अजून उभं करून ठेवलंय. तुमची जागा आहे ना ती आता? मग तुम्ही धरा. त्यांना सोडा."

रविवारी चर्च भरलं होतं. वहिनी पहिल्या बाकावर, हात मांडीवर घट्ट. मास्तरांनी शिट्टी फुंकली. 'घरा' आलं. डावीकडे तो होताच. पिंपाच्या तळाला पाणी हलावं तसा. मास्तर आणि शिंपी थांबले. मी थांबलो नाही.

माझा 'रा' त्याच्या शेजारी काडीसारखा बारीक वाटत होता. छाती आवळली, कानांत ठोके पडू लागले. अजून थोडं. अजून. डोळ्यांपुढे काजवे आले, तरी मी सोडला नाही.

तेव्हा डाव्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी श्वास आत घेतला. खोल, खरखरीत, संपता संपेना असा. मानेवरचे केस त्या दिशेला ओढल्यासारखे झाले. आणि खालचा सूर नाहीसा झाला.

आधार गेल्याबरोबर माझा आवाज चिरकला, घसरला. मास्तर आणि शिंपी पडत्या सुरावर कसेबसे चढले. मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं.

"पार सूर पाडलात की हो!" बाहेर पायऱ्यांवर शिंपी म्हणाला.

"पडला ना?" वहिनी मागून आल्या होत्या. "तीन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटतंय."

त्यानंतर तो कधी गायला नाही. 'रा' आता मीच धरतो, आणि बहुतेक वेळा पाडतो. पण शिट्टी वाजल्यावर, गाणं सुरू होण्याआधी, आम्ही तिघे एकदम श्वास घेतो तेव्हा मला चार ऐकू येतात. चौथा आमचे संपल्यावरही चालूच असतो. त्या दोघांना मी विचारलेलं नाही. वहिनींना मात्र एकदा भीत भीत सांगितलं.

त्या पाव बांधत होत्या. हात थांबला नाही.

"मग जरा उशिरा सुरू करत जा," त्या म्हणाल्या. "त्यांचा होऊ दे."

आम्ही आता जरा उशिरा सुरू करतो.