टेपवर न आलेली अकरा मिनिटं

सासूबाईंना प्रश्न विचारायचे म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा, हे सुनेला वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण ग्रंथालयाने वस्तीतल्या जुन्या पुढाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवायचं काम तिच्यावर सोपवलं, आणि सत्काराच्या यादीत मुकादमाचं नाव सगळ्यात वर दिसलं. त्याच दिवशी घरी येऊन तिने सासूबाईंसमोर रेकॉर्डर ठेवला.

मुकादम म्हणजे इस्पितळाच्या लॉन्ड्रीचा जुना मुकादम. वाफेच्या खोलीला, आत बायका कामाला असताना, पाळीभर बाहेरून कुलूप असायचं, ते आपणच दया येऊन कायमचं काढलं, असं त्याने दोन तासांच्या मुलाखतीत ठासून सांगितलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. कुलूप निघालं ते चाळीस बायकांनी एकदम काम थांबवलं म्हणून, आणि त्यांच्या पुढे होत्या सासूबाई. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावर मात्र कुठेच नव्हतं.

सासूबाई छान बोलल्या. सून डोळे पुसत ऐकत राहिली. शनिवारी दुपारी ग्रंथालयात हेडफोन लावून तिने रेकॉर्डिंग ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एक मुलगी वाफेने चक्कर येऊन पडली, इथपर्यंत आवाज खणखणीत होता. पुढची अकरा मिनिटं काहीच नाही. मधेच तळव्यावर मूठ आपटल्याचा आवाज, मधेच टिचकी, आणि शेवटी, "असं झालं बघ सगळं."

लॉन्ड्रीत यंत्रांच्या धडधडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथल्या बायका हातांनी बोलायच्या. दोन बोटं ओठावर आडवी ठेवली की समजायचं, मुकादमाच्या मिशा येताहेत. घरीसुद्धा सासूबाई मीठ हातानेच मागत. सुनेच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की समोरची बाई तोंडावरून हातांवर कधी आली, ते तिला कळलंच नाही. परक्या माणसाने लगेच टोकलं असतं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, ती कुलपाची गोष्ट परत सांगा," घरी गेल्या गेल्या ती म्हणाली. "पण तोंडाने."

सासूबाईंनी सुरुवात केली. तीन वाक्यं झाली आणि हात वर गेले. सुनेने ते धरून ठेवले, तर गोष्टच थांबली.

"अगं, ती माझ्या तोंडात नाहीच," सासूबाई म्हणाल्या. "तोंडाने बोललो असतो तर मुकादमाने ऐकलं असतं. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला, हातोहात गेली ती. जशी गेली तशीच येणार."

ग्रंथालयाच्या सत्कार समितीचा नियम साधा होता: ज्याची आठवण त्याच्याच आवाजात, तीच ग्रंथालयात राहणार आणि त्यालाच मानपत्र. म्हणजे कुलूप मुकादमाच्या नावावर जमा होणार होतं. सून रडकुंडीला आली. सासूबाई मात्र खुशाल झोपी गेल्या.

रविवारी सभागृह भरलं. मुकादमाची टेप वाजली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत लॉन्ड्रीतल्या अकरा म्हाताऱ्या हाताची घडी घालून बसल्या होत्या. मग यादीतलं पुढचं नाव म्हणून सासूबाई मंचावर आल्या, आणि समितीचे अध्यक्ष सुनेच्या कानाशी कुजबुजले, "यांचा आवाजच नाही म्हणता ना? पुढचं नाव घेऊ या."

सुनेचं डोकं फिरलं. "आवाज आहे," ती म्हणाली.

तिने सासूबाईंसमोरचा माइक उचलला, रेकॉर्डर चालू केला आणि सगळ्यांच्या देखत चालत चालत शेवटच्या रांगेत गेली. तिथून म्हणाली, "आई, सांगा."

सासूबाईंचे हात उठले. मग एके काळी इस्त्रीच्या यंत्रावर असलेली म्हातारी माइकमध्ये बोलली, "पोरगी पडली, दार उघडेना."

"मुकादम म्हणाला, पाळी संपू दे," तिच्या शेजारणीने पुढे नेलं.

"उद्या दहाचा भोंगा झाला की हात खाली."

"भीती वाटली तर एकमेकींकडे बघा, दाराकडे नको."

सासूबाईंनी तळव्यावर मूठ आपटली आणि अकराही जणी एकदम म्हणाल्या, "कुलूप निघेपर्यंत एक चादर उचलायची नाही."

मुकादम उभा राहिला. "हा काय तमाशा आहे? या हातवाऱ्यांना काही अर्थ तरी आहे का?"

इस्त्रीवाली सावकाश त्याच्याकडे वळली. "तुम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं, मुकादम."

आधी हसू फुटलं, मग टाळ्या, मग माणसं उभी राहिली. मुकादम तेवढा खाली बसला. अध्यक्षांनी मानपत्र हातात घेतलं आणि ते नक्की कुणाच्या हातात द्यायचं ते त्यांना समजेना. सासूबाईंनी बोटाने शेवटची रांग दाखवली. अकरा जणी एकमेकींना सावरत मंचाकडे निघाल्या. सुनेला इतका आनंद झाला होता की रेकॉर्डर बंद करायचंही ती विसरली.

तेवढ्यात गर्दीवरून सासूबाईंनी तिला हातांनी विचारलं, या वेळी तरी आलं ना टेपवर, की पुन्हा सांगू?

वीस वर्षं ती हे हात नुसती वाचत आली होती. आज पहिल्यांदा तिने आपला हात उंच केला आणि हातानेच उत्तर दिलं, आलं, सगळ्या जणी आल्या.