पंख्याने घेतलेलं प्रशिक्षण

दादांचा परवाना ऑफिसात सोनेरी चौकटीत टांगलेला होता आणि त्याच्यावर वेगळा दिवा होता. गिऱ्हाईक आलं की दादा आधी तो दिवा लावत. इतकी वर्षं घरं विकणाऱ्याला लायसन्स काय विचारता, असं म्हणत, आणि कुणी विचारायच्या आत दाखवतही.

धाकटीला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोला, त्या चौकटीचं काडीचं कौतुक नव्हतं. कागद छापला त्या दिवसापुरता खरा. आज काय खरं आहे ते परवाना मंडळाच्या वेबसाइटवर दिसतं. नंबर टाकला की नावापुढे 'चालू' तरी येतं, नाहीतर 'निष्क्रिय'. दर सोमवारी ती दोघांचेही नंबर टाकून बघायची. तिचा स्वतःचा परवाना नवाकोरा होता, दोनदा नापास होऊन मिळवलेला. दादा त्याला बालवाडीचा दाखला म्हणत.

या सोमवारी दादांच्या नावापुढे 'निष्क्रिय' आलं. तिच्याही. हाताखालच्या एजंटाचा परवाना मालकाच्या परवान्याला टांगलेला असतो. खुंटी निघाली की सगळंच खाली.

आणि दुपारी तिची पहिलीवहिली विक्री होती. एका निवृत्त मास्तरीणबाईंचा दोन खोल्यांचा फ्लॅट. गिऱ्हाईक पक्कं होतं, पण त्याचा वकील सहीआधी एजंटाचा नंबर स्वतः टाकून बघणाऱ्यांतला.

"दादा, नूतनीकरणाचं ऑनलाइन प्रशिक्षण तुम्ही पूर्ण केलंत ना?"

"केलं की. सगळेच्या सगळे तास."

"तुम्ही बसला होतात?"

"बसायला मी काय शाळकरी पोर आहे?" दादा खुशीत आले. "ते व्हिडिओ दर थोड्या वेळाने थांबतात. खाली उजवीकडचं बटण दाबलं तरच पुढे जातात. माणूस झोपला नाही ना, बघतात लेकाचे. मग मी माऊसचा बाण त्या बटणावर ठेवला आणि टेबलफॅनच्या जाळीला फूटपट्टी बांधली, टोकाला खोडरबर. पंखा वळला की माऊसवर टिचकी. मी आपला घरी जाऊन झोपलो. सकाळी येतो तर 'अभिनंदन'. याला म्हणतात डोकं."

धाकटीने मंडळाची माहितीपुस्तिका उघडली. शेवटच्या धड्यानंतरच्या पानाचं चित्र तिथे होतं. 'परवाना चालू ठेवायचा आहे का?' डावीकडे 'चालू ठेवा', उजवीकडे 'निवृत्त होत आहे, निष्क्रिय करा'. पुढच्या पानावर, 'खात्री आहे?' उजवीकडे 'हो'.

पंख्याला खात्री होती.

तिने पुस्तिका दादांपुढे धरली. दादांनी ती लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली.

"वेबसाइटवाल्यांचा गाढवपणा आहे हा. बटणं अशी ठेवतात का? वकिलाला चौकटीचा फोटो पाठव."

"तो फोटो बघत नाही."

"मग जरा थांबव त्याला. माणूस चुकतो, धाकटे."

"तिथे माणूस होता कुठे, दादा?"

दादांनी वर्तमानपत्र उघडलं. चूक दुसऱ्याची ठरली की त्यांचं काम संपत असे. मंडळाला फोन करावा, निदान मास्तरीणबाईंना कळवावं, यातलं काही त्यांना सुचेना. तीस वर्षांचा अनुभव म्हणजे हाच असावा, असं वाटून धाकटीने पर्स उचलली.

रस्त्यापलीकडे दादांच्या हाडवैरीण बाईंचं ऑफिस होतं, तेही घरविक्रीचंच. घरात त्यांना नुसतं 'समोरची' म्हणत. भिंतीवर कॅलेंडर होतं, दुसरं काही नाही.

"माझा परवाना तुमच्याकडे घ्याल का? आत्ता?"

समोरच्या बाईंनी आधी तिचा नंबर टाकून बघितला, मग दादांचा. "निवृत्त झाले? पेढे नाही वाटले?"

धाकटीने पंख्याचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि अर्ज मंजूर केला. "उद्यापासून सकाळी वेळेवर यायचं. इथे तुझा कुणी दादा नाही."

तासाभरात तिच्या नावापुढे 'चालू' आलं. राहिल्या मास्तरीणबाई. त्यांचा करार दादांच्या फर्मशी होता, तो आता नव्याने करावा लागणार होता. धाकटीने त्यांच्या घरी जाऊन काही न लपवता सांगितलं. बाई नाराज झाल्या तर विक्री गेलीच होती.

"माझ्या वर्गात दुसऱ्याला हजेरी द्यायला लावणारे पुष्कळ होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पंख्याला बसवणारा नव्हता. आण ते कागद, कुठे सही करू?"

दुपारी वकिलाने नंबर टाकला, मान हलवली आणि फ्लॅट विकला गेला.

संध्याकाळी जेवताना दादांनी तोंड उघडलं. आपल्या घरची सून समोरचीच्या दुकानात बसणार, लोक तोंडात शेण घालतील, बापजाद्यांना काय वाटलं असतं. धाकटी वाढत राहिली. मंडळाने परवाना परत सुरू करायला सगळं प्रशिक्षण पहिल्यापासून घ्यायला सांगितलंय, हे दादांनी अगदी शेवटी, भाताकडे बघत सांगितलं.

मग आवाज खाली आला. "धाकटे, तू बसतेस का माझ्या नावाने? तुला सवय आहे अभ्यासाची."

"नाही."

"का गं? घरचंच काम आहे."

"मला सकाळी वेळेवर जायचंय, दादा," धाकटी म्हणाली आणि तिने आपलं ताट वाढून घेतलं.