फक्कीच्या आतली खुर्ची

चौगुले पंचांनी इचलकरंजीभोवती फक्की मारली, आणि बिबेक आमच्या सरावाच्या खोलीत चौथ्या खुर्चीवर बसलेला असतानाच शहराबाहेर गेला.

खुर्ची मात्र आत राहिली. चुन्याची पांढरी रेघ खिडकीच्या बाजूने आली, टेबलाखालून सरळ सरकली आणि चौथ्या खुर्चीला नीट वळसा घालून समोरच्या भिंतीत शिरली. बिबेक उठला, दोन पावलं मागे सरला, आणि खोलीचा तेवढा भाग लांबला. हात लांब केला की लागणारी खिडकी आता मैदानाच्या पलीकडल्या टोकाला होती. बिबेक गळ्यातल्या हेडफोनसकट आमच्याकडे चालत येऊ लागला. पाच मिनिटं तो चालत होता आणि तेवढाच लांब होता.

"आता काय करायचं?" मी तबस्सुमला विचारलं. ती आमची कर्णधार.

"खेळायचं," ती म्हणाली. "बस की खुर्चीवर. तुलाच हवी होती न्हवं?"

हवी होती, ते मी नाकारत नाही. पंचगंगा लीगमध्ये वस्त्रनगरी संघाचा मी तीन वर्षं राखीव खेळाडू होतो. पाच जण कॉम्प्युटरसमोर बसून खेळतात आणि सहावा त्यांच्या मागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो. पाचांतल्या कुणाला ताप आला तरच सहाव्याचा नंबर लागतो. बिबेक नेपाळातल्या पोखऱ्याहून आला होता, आणि तीन वर्षांत त्याला साधं पडसंही झालं नाही. मला त्याचा राग यायचा. माणसानं एवढं धडधाकट असू नये.

मी चौथ्या खुर्चीवर बसलो. ती अजून उबदार होती. खाली यंत्रमागांची खोली होती आणि मागांचा खडखडाट रोजच्यासारखा जमिनीतून पायांत येत होता. आम्ही सराव सुरू केला. मी एका भिंतीआड लपलो होतो आणि शत्रूनं मला टिपलं. त्यानंतर मी सावकाश पाचपर्यंत मोजलं असेल, तेव्हा खिडकीकडून बिबेकचा आवाज आला.

"प्रणितभाई, डावीकडे बघ."

त्यानं ते वेळेवरच सांगितलं होतं. रेघेपलीकडून आवाज यायला तेवढा वेळ लागत होता.

आमच्या लीगचे पंच सगळे कबड्डीतले आहेत, हे सांगायला हवं. आमच्याकडे खेळ म्हटला की आधी मैदान आखायचं. डब्याच्या तळाला भोकं पाडायची, त्यात चुन्याची फक्की भरायची आणि वाकून चालत जायचं. कॉम्प्युटरच्या खेळाला मैदान नसतं हे चौगुले पंचांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. सभेत मर्यादेचा ठराव झाला की मर्यादा आखायची, एवढंच त्यांना माहीत होतं. शहराभोवती मारलेली रेघ आमच्या खोलीत कशी आली असं मी त्यांना विचारलं नाही. रेघ परदेशी खेळाडूंसाठी होती, म्हणून परदेशी खेळाडू होता तिथे ती आली.

ठराव माझ्या मतानं झाला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात लीगची सभा भरते. आठ संघांचे आठ कर्णधार आणि राखीव खेळाडूंचा एक प्रतिनिधी, तो मी. संघात परदेशी खेळाडू असावेत की नसावेत यावर दोन तास वाद झाला होता.

"आपल्यापेक्षा चांगल्याबरोबर खेळल्याशिवाय चांगलं होता येत नाही," तबस्सुम म्हणाली. "बिबेक यायच्या आधी आम्ही सातवे होतो. आता दुसरे आहोत. त्याला काढून आम्ही कुणाचं भलं करणार?"

जयसिंगपूरचा कर्णधार शांतपणे म्हणाला, "तुमचं भलं झालं, ते दिसतंय. पण आमच्या पोरांनी जन्मभर स्टुलावर बसायचं काय?"

तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार हात वर होते, चार खाली. प्रश्न बरोबर होता, मला तो आजही बरोबर वाटतो. मी हात वर केला. बाहेर आल्यावर तबस्सुम एवढंच म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा." मी हसलो. मला वाटलं, चार दिवसांत ती विसरेल.

मी खेळायला लागल्यावर आम्ही दुसऱ्याचे पाचवे झालो. बिबेक रोज सकाळी नऊला खिडकीपाशी यायचा, म्हणजे तिथेच असायचा, आणि मला सूचना द्यायचा. "घाई करू नको." "आवाज ऐक, पावलांचा आवाज ऐक." सूचना बरोबर असायच्या आणि मी मेल्यावर पोहोचायच्या. त्यानं माझा राग करावा असं मला मनापासून वाटायचं, म्हणजे हिशेब मिटला असता. तो राग करत नव्हता. मला त्याची लाज वाटायची, आणि खुर्ची सोडावी असं मात्र एकदाही वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात नवा ठराव आला, आणि राखीवांचा प्रतिनिधी अजून मीच होतो. काही संघांनी परदेशी खेळाडूंच्या जागी परराज्यातले आणले होते. चौगुले पंच फळ्यापाशी उभे राहिले. त्यांच्या बोटांना, भुवयांना चुना लागलेला होता.

"मर्यादा अर्धी ठेवून चालत नाही," ते म्हणाले. "बाहेरचा म्हणजे बाहेरचा. ज्याचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा, तो बाहेरचा."

"आणि ठराव पडला तर?" मी विचारलं.

"मग पहिलापण पडला. एक रेघ पुसायची म्हणजे सगळ्याच पुसाव्या लागतात, मगदूम. तुमचा नेपाळचा गडी परत आत येईल."

चार हात वर होते, चार खाली. तबस्सुम माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते तेव्हा सुचत नाही.

घरी निघालो तर रस्ता शांत होता. गल्लीत पोहोचेपर्यंत मला कळेना की काय चुकतंय. मग लक्षात आलं, माग थांबले होते. मागांवरचे कामगार बिहारचे, ओडिशाचे. ते मागांपाशीच उभे होते, पण मागांपासून रेघेपलीकडे, एक हात पुढे केलेला, तुटलेला धागा जोडायला निघाल्यासारखा. मालक दारात उभे राहून त्यांना हाका मारत होते.

घरात रेघ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होती. माझी आई निपाणीची. निपाणी इथून तासाभराच्या वाटेवर आहे, पण कर्नाटकात आहे. हे मला सभेत आठवलं नव्हतं, किंवा आठवलं असेल आणि मी ते बाजूला ठेवलं असेल. ती चुलत भावंडांच्या लग्नाला जायची तेव्हासुद्धा आम्ही कधी परराज्यात जातोय असं म्हणालो नव्हतो.

आई ओट्याशी होती आणि ओटा खूप लांब होता. तिनं ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, बाजूला खर्डा. ताट घेऊन ती माझ्याकडे निघाली. मी उंबऱ्यावर हात पसरून उभा राहिलो. भाकरीची वाफ हळूहळू कमी होत गेली. तासाभरानं मी हात खाली घेतले, कारण खांदे भरून आले होते. ती चालतच होती.

"आई, राहू दे," मी म्हणालो.

तिचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकू आलं. मी तेव्हा शर्टाला इस्त्री करत होतो. "गरम आहे तवर खाऊन घे," ती म्हणाली.

मी इस्त्री बंद करून खाली बसलो आणि रडलो. मग शर्ट घालून सरावाला गेलो.

सरावाला तिघेच उरलो होतो. आमचा पाचवा खेळाडू बेळगावचा, तो जिन्यातच राहिला होता, आणि दुसऱ्या खुर्चीवरच्याचा जन्म मामाच्या गावी गोव्यात झाला होता, ही गोष्ट त्यालाही नवीन होती. पण सगळ्याच संघांचे असेच हाल होते, त्यामुळे आम्ही जिंकू लागलो. तिघांविरुद्ध दोन, दोघांविरुद्ध एक. आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. बिबेक आता खिडकीपाशी शेंगदाण्याएवढा दिसत होता. त्याच्या सूचना येत होत्या, त्या मागच्या महिन्यातल्या सामन्यांच्या होत्या.

अंतिम सामन्याच्या आदल्या रविवारी तिसरी सभा झाली. चित्रकलेच्या वर्गात आम्ही तिघे होतो: मी, तबस्सुम आणि जयसिंगपूरचा कर्णधार. बाकीच्या बाकांवर कुणी नव्हतं. काही कर्णधार वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी दिसत होते, बारीक, ओळीनं उभे. ते बोलत होते हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

"जन्म बघून भागत नाही," चौगुले पंच म्हणाले. "जन्म कुणीही कुठंही घेतं. तीन पिढ्या बघायला लागतात."

तबस्सुमचे आजोबा विजापूरहून फळांची गाडी घेऊन इथे आले होते. ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या गाडीवरची सीताफळं मी लहानपणी खाल्ली होती.

"याला काही अर्थ हाय काय?" ती चौगुले पंचांना म्हणाली. "खेळायला कोण उरणार?"

"जो आतला असेल तो."

"आणि लीग बघणार कोण?"

"तेपण आतलेच."

जयसिंगपूरच्या कर्णधारानं हात वर केला. तबस्सुमनं दोन्ही हात बाकावर पालथे ठेवले. मग ती माझ्याकडे वळली.

"प्रणित, हात खाली ठेव," ती म्हणाली. "ठराव पडला तर बिबेक आत येतोय, तुझी आई येत्येय, सगळी येत्यात. तू सहावा राहशील एवढंच. सहावा राहून मेलं नाही कुणी."

ती खरं बोलत होती. आई ताट घेऊन अजून चालत होती, हे मी सकाळीच पाहिलं होतं. भाकरी वाळून तिच्या कडा वर आल्या होत्या. पण सात दिवसांनी अंतिम सामना होता, आणि तीन वर्षं स्टुलावर बसून मी एकच गोष्ट मागितली होती. मला तो सामना खेळायचा होता. एकदा खेळतो, मग पुढच्या सभेत सगळ्या रेघा पुसू, असं मी मनाशी म्हणालो. लोक मनाशी असंच म्हणत असावेत.

मी हात वर केला. तबस्सुम बाकासकट मागे गेली. ती माझ्याकडेच बघत होती. तिनं काहीतरी म्हटलं, ते अजून आलेलं नाही.

अंतिम सामना आमच्याच खोलीत झाला, कारण दुसरीकडे जायला रस्ता आत उरला नव्हता. रविवारी सकाळी अकराला मी चौथ्या खुर्चीवर बसलो. रेघ आता खुर्चीच्या चार पायांभोवती आणि टेबलाच्या माझ्यापुरत्या तुकड्याभोवती होती. तीन पिढ्या बघितल्यावर आमचा तिसरा गडीही पलीकडे गेला होता; बाजूच्या चार खुर्च्या लांब, एकमेकींपासूनही लांब दिसत होत्या. समोरच्या पडद्यावर जयसिंगपूरच्या कर्णधाराचं एकट्याचं नाव होतं. प्रेक्षक नव्हते. माग बंद असल्यानं जमीन गप्प होती.

चौगुले पंच डबा घेऊन आले. ते एकटेच कुठेही येऊ-जाऊ शकत होते, पंच कोणत्याच बाजूचा नसतो. त्यांनी खिशातून कागद काढला.

"सामन्याआधी तपासणी," ते म्हणाले. "जन्म?"

"इथला."

"वडील?"

"इथलेच. मागांवर होते."

"आजोबा?"

"इथलेच."

"आईचा प्रश्न सुटलेला हाय," ते कागद बघत म्हणाले. "ती तिकडं, तुम्ही इकडं. बरं. खेळ कुणाकडून शिकला?"

मी माउस सरळ केला.

"कागदावर रकाना हाय, मगदूम. भरायला लागतोय."

तीन वर्षं सराव संपला की सगळे घरी जायचे आणि बिबेक मला स्टुलावरून उठवून त्याच्या खुर्चीवर बसवायचा. अर्धा तास, रोज. माझ्या हातावर हात ठेवून तो माउस फिरवायचा. मनगट आवळू नको, कोपरापासून हलव, हे त्यानं मला शेकडो वेळा सांगितलं. मी बोट कधी दाबतो आणि कधी थांबतो, हे सगळं त्याचं आहे. मी सभेत हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

खोटं सांगता आलं असतं. पण उजवा हात माउसवर होता आणि तो कोपरापासून हलत होता, पंचांच्या डोळ्यांसमोर.

"बिबेककडून," मी म्हणालो.

चौगुले पंचांनी ते लिहून घेतलं. कागद घडी करून खिशात ठेवला. मग ते वाकले, वयामुळे त्यांना ते जरा जड गेलं, आणि डबा माझ्या हातावर धरून त्यांनी हलकेच टिचकी मारली. फक्की गार होती. रेघ मनगटावरून सरळ पलीकडे गेली.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

टेबल लांबत गेलं. पडद्यावर सामना सुरू झाला आणि जयसिंगपूरचा कर्णधार भिंतीआडून बाहेर आला. तो डावीकडे होता, मला अगदी स्पष्ट दिसत होता. मी बोटाला दाब म्हटलं. टेबलाच्या पार टोकाला माझा हात माउसवर ठेवलेला होता, शेंगदाण्याएवढा, आणि मी त्याच्याकडे बघत वाट पाहू लागलो.