सोळा घरांचा कोयता

बारामतीला भिगवण रस्त्यावर नीळकंठरावांचा कॉम्प्युटर क्लास होता. क्लासातल्या एकाही मशीनवर गेम दिसता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. पण मशीन जुळवून देणारा मेकॅनिक जाता जाता कुठल्या तरी कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ठोकळ्यांचा गेम टाकूनच जायचा. नीळकंठराव तो पुसायचे आणि आठ दिवसांत तो गाजरगवतासारखा पुन्हा उगवलेला असायचा.

गेम साधा होता. वरून वेगवेगळ्या आकारांचे ठोकळे पडतात, ते फिरवून खाली नीट बसवायचे. ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते. पोरे त्यावर तासन् तास घालवत. क्लासात शिकवणारी प्रियदर्शनी मात्र तो फारसा खेळत नसे. ती फिजिक्सची एम. एस्सी. होती आणि तिला प्रश्न पडला होता तो वेगळाच. हे आकार मशीनने ठेवलेत कुठे?

दुपारच्या रिकाम्या वेळेत तिने ते शोधून काढले. गेमसोबत एक चिमुकली फाइल होती, तिच्यात नुसते आकडे होते. प्रत्येक ठोकळा म्हणजे चार ओळी, ओळीत चार घरे, एकूण सोळा घरे. भरलेल्या घराला एक, रिकाम्याला शून्य. हे उमगल्यावर तिने सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले ‘घडवणी’. पडद्यावर सोळा घरे दिसत, हवी ती भरायची आणि जतन करायचे. मग गेममध्ये तुमचाच ठोकळा वरून पडू लागे.

घडवणी फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरली. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या सुमितने ठोकळ्यांचे रंग बदलणारा ‘रंगारी’ लिहिला आणि जाड पाकिटात घालून एस. टी.च्या कंडक्टरकडे दिला. “बारामती स्टँडवर एक ताई येतील, त्यांना द्या.” प्रियदर्शनीने त्यातली एक चूक दुरुस्त करून तीच फ्लॉपी परतीच्या गाडीने पाठवली. फलटणच्या कुणीतरी वेग बदलायची सोय काढली. एकाने तर ओळ मोडली की हॉर्न वाजेल असे केले. हॉर्न थेट ट्रकसारखा! ही माणसे एकमेकांना फारशी भेटली नव्हती, पण एकमेकांचे काम ओळीन् ओळ ओळखत होती.

मशीनच्या हार्ड डिस्कवर गेमचे काहीही ठेवायला बंदी असल्यामुळे प्रियदर्शनीचे सगळे काम फ्लॉपींवर असे. महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन प्रती ठेवाव्यात, हा नियम ती कसोशीने पाळायची. दोन्ही प्रती क्लासातल्या एकाच निळ्या डब्यात असत.

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्याअखेर नीळकंठरावांनी इंदापूरला शाखा काढायचे ठरवले. बापूसाहेबांच्या पंपाच्या दुकानावरचा हॉल मिळाला होता, दोन मशीनही जाऊन पोचली होती. प्रियदर्शनीने सरळच विषय काढला.

“सर, इंदापूर मला द्या. पहिला महिना माझ्या पद्धतीनं शिकवीन.”

“म्हणजे कसं?”

“मशीन आतून कसं चालतं तिथून सुरुवात करीन. ठोकळ्यांवरून.”

“गेम दाखवून? अगं, पालक मला जोड्यानं मारतील.”

“गेम दाखवून नाही. बदलून.”

नीळकंठराव हसले. मनात त्यांनी पुण्याचा एक माणूस हेरून ठेवला होता. तो छापील पुस्तक हातात धरून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिकवी. पण त्यांना प्रियदर्शनीची किंमतही कळत होती. ते म्हणाले, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिथं पालकांना बोलावलंय. तू त्यांना पटवून दाखव. पटलं तर शाखा तुझी. नाही पटलं तर सोमवारी पुण्याचा माणूस रुजू होतो, आणि तू इथंच राहा.”

इथेच राहणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. दोन वर्षे ती कमांडा पाठ करून घेत होती. एखादी मुलगी “असंच का?” म्हणाली, तर वेळेअभावी “तसंच असतं” म्हणून पुढे जात होती. फिजिक्स शिकलेल्या बाईला हे उत्तर जिभेवर खड्यासारखे लागे. जिथे हे उत्तर द्यावे लागणार नाही, अशी एक खोली तिला हवी होती.

खंडेनवमीला क्लासात मशीनची पूजा असे. प्रियदर्शनीच्या घरी ती रीत नव्हती. दसऱ्याला कळंबच्या विहारात वंदना असे, म्हणून ती आदल्या दिवशीच सकाळच्या गाडीने गावी गेली. निघताना तिने निळा डबा नीळकंठरावांच्या टेबलावर ठेवला. “रविवारी येताना एवढा आणा सर, मी कळंबहून परस्पर इंदापूरला येते.”

दसऱ्याला सकाळी पांढरी साडी नेसून ती विहारात बसली. दुपारी अक्काबाईच्या, म्हणजे आजीच्या हातची खीर झाली. वडील, नाना, ओसरीवर बसून म्हणाले, “उद्या लोकं काय इचारतील त्याचा इचार केलास का?”

“काय विचारतील ते सांगता येत नाही नाना. पण मला काय येतं ते मला ठाऊक आहे.”

“मग झालं तर. जेव पोटभर.”

रविवारी ती नऊ वाजता बापूसाहेबांच्या हॉलवर पोचली. खाली दुकानात पंप वाइंडिंगला उघडे पडले होते, वर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. भिंतीला नवा काळा फळा होता. नीळकंठराव आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीकाकू गाडीतून उतरले. काकूंच्या हातात नारळ होता आणि बगलेत निळा डबा.

“घे बाई तुझं धन,” काकू कौतुकाने म्हणाल्या. “परवा ह्या डब्यातल्या फ्लॉपींचीही पूजा केली मी. म्हटलं, तू नव्हतीस तर तुझं काम पूजेवाचून का राहावं?”

प्रियदर्शनीने डबा उघडला आणि पहिली फ्लॉपी हातात घेतली. वरच्या प्लॅस्टिकवर काहीच नव्हते. तिला जरा बरे वाटले. मग तिने पत्र्याची झडप सरकवली. आतल्या काळ्या तबकडीवर हळदीचे एक बोट आणि कुंकवाचे एक बोट, अगदी ठसठशीत. दुसरी फ्लॉपी पाहिली. तिच्यावरही तसेच. डब्यातली एकही सुटली नव्हती.

“काकू, झडप सरकवून लावलंत?”

“मग! नुसतं वरच्या टोपणाला लावून काय उपयोग? खरं यंत्र आत आहे, असं तूच मुलींना सांगत असतेस ना? म्हटलं, त्यालाच पोचलं पाहिजे.”

नीळकंठरावांनी कपाळावर हात मारला. “अगं, ती तबकडी बोटाचा डागसुद्धा सहन करत नाही!”

प्रियदर्शनीने तरीही एक फ्लॉपी पहिल्या मशीनमध्ये घालून पाहिली. ड्राइव्हने जात्यात खडा आल्यासारखा आवाज काढला आणि पडद्यावर एरर आली. दुसरी फ्लॉपी तिने घातली नाही. निदान दुसऱ्या मशीनची ड्राइव्ह तरी वाचावी.

काकूंचा चेहरा उतरला होता. “माझ्यामुळं तुझं गेलं का गं सगळं?”

“फ्लॉपी गेल्या काकू,” प्रियदर्शनी म्हणाली. “पूजा तुम्ही मनापासून केलीत, आणि आत हात लावू नका असं मीही तुम्हाला सांगून गेले नव्हते. बसा तुम्ही.”

सुमितकडे घडवणीची प्रत असेल म्हणून नीळकंठरावांनी खालच्या दुकानातून वालचंदनगरला फोन लावला. सुमित दीक्षाभूमीला नागपूरला गेला होता, मंगळवारी येणार होता. त्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात होती. ते वर येऊन हळूच म्हणाले, “कार्यक्रम रद्द करू. तब्येतीचं कारण सांगतो.”

“माझी तब्येत चांगली आहे सर,” ती म्हणाली. तोवर तिने दुसऱ्या मशीनवर शोधाशोध सुरू केली होती. मेकॅनिकने आपला धर्म सोडला नव्हता. पाच मिनिटांत एका आडव्यातिडव्या नावाच्या फोल्डरमध्ये ठोकळ्यांचा गेम सापडला, आणि त्याच्या शेजारी ती आकड्यांची चिमुकली फाइल. घडवणी नव्हती. पण घडवणी काय करायची, ते लिहिणारी समोर बसली होती. मशीनवर डॉसचा डीबग नावाचा प्रोग्रॅम होता, त्यातून फाइलमधला आकडा हाताने बदलता येत होता.

“खडू आहे का?” तिने विचारले.

अकराला हॉल भरला. पुढच्या खुर्चीवर बापूसाहेब बसले, पांढरी टोपी, मिशीला पीळ. जागा त्यांची होती आणि इंदापुरात त्यांचा शब्द चालत होता. बायांच्या बाजूला गोजरबाई नावाची एक शेतकरीण आपल्या बारावी झालेल्या अंजलीला घेऊन आली होती.

प्रियदर्शनीने आधी गेम दाखवला. दोन-चार ठोकळे पडताच मागून कुजबुज सुरू झाली.

“ह्यो तर खेळ हाय की,” बापूसाहेब म्हणाले. “मास्तरीणबाई, ह्यासाठी आमची पोरं हितं पाठवायची? ही सोय आमच्या घरी टीव्हीवर हाय.”

हशा पिकला. नीळकंठराव खुर्चीत खाली सरकले. प्रियदर्शनी हसू ओसरेपर्यंत थांबली.

“टीव्हीवर दुसऱ्यानं ठरवलेलं बघायचं असतं,” ती म्हणाली. “इथं ठरवणार तुम्ही. मला एक आकार सांगा. तुमच्या घरातलं काहीही.”

गोजरबाई म्हणाली, “कोयता चालंल का?”

“चालेल. या, फळ्यावर काढा.”

प्रियदर्शनीने फळ्यावर सोळा घरे आखली होती. गोजरबाईने पदर खोचला आणि घरे भरली. वरच्या ओळीत डावीकडून तीन घरे, ते पाते. तिसऱ्या घराखाली आणखी तीन घरे, ती मूठ. प्रियदर्शनीने चार उभ्या रकान्यांवर लिहिले, आठ, चार, दोन, एक. “ज्या घरात खडू आहे त्याच्या डोक्यावरचा आकडा घ्या आणि ओळीची बेरीज करा. वरची ओळ?”

“आठ न् चार बारा न् दोन, चौदा,” मागून एकजण म्हणाला.

“बाकीच्या?”

“दोन, दोन, दोन!” आता बरेच आवाज आले.

“झाला तुमचा कोयता. चौदा, दोन, दोन, दोन. मशीनला चित्र कळत नाही, एवढंच कळतं.” नऊच्या पुढे हे मशीन अक्षरे वापरते, चौदाला ई म्हणते, एवढे सांगून तिने डीबगमध्ये आकडे भरले, फाइल जतन केली आणि गेम चालू केला.

वरून ठोकळा पडू लागला. तोच गोजरबाई ओरडली, “अगं बाई, मूठ पात्याच्या वर आली की! असल्या कोयत्यानं ऊस तोडला तर पयला माझाच हात तुटंल!”

हॉल पुन्हा हसला. नीळकंठरावांनी डोळे मिटले. प्रियदर्शनीने पडद्याकडे पाहिले आणि तिला लगेच उमगले. वरचा अर्धा भाग खाली गेला होता आणि खालचा वर आला होता.

“चूक माझी,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. “हे मशीन दोन-दोन ओळींचा मिळून एक आकडा करतं आणि ते दोन आकडे उलट्या क्रमानं ठेवतं, खालच्या दोन ओळी आधी आणि वरच्या दोन नंतर. माझा प्रोग्रॅम ते आपोआप करायचा, म्हणून मी विसरले. आता काय लिहू?”

उत्तर अंजलीने दिले. ती आईशेजारी उभी राहिली होती. “आधी दोन-दोन, मग चौदा-दोन.”

“ये, तूच भर.”

अंजलीने एकेका बोटाने आकडे भरले. गेम चालू झाला. या वेळी कोयता पाते वर आणि मूठ खाली असा डौलात उतरला, आणि बायांच्या बाजूने टाळ्या पडल्या. बापूसाहेब उठून मशीनसमोर बसले. कोयता बसवायला महाकठीण निघाला. पात्याखाली पोकळी राहायची आणि ओळ काही भरायची नाही. बघता बघता ठोकळे वरपर्यंत चढले आणि गेम संपला.

“बापूसाहेब, तुमच्याच्यानं मोळी बांधवंना!” मागून कोणी तरी म्हणाले.

“गप रं! कोयताच असला काढलाय गोजरबाईनं,” बापूसाहेब गुरगुरले. मग वळून त्यांनी मुद्द्याचे विचारले. “बाई, खरं सांगा. ह्यानं पोरीला नोकरी लागंल का?”

नीळकंठरावांनी तोंड उघडले होते, पण प्रियदर्शनी आधी बोलली. “ह्या गेमनं नाही लागणार. नोकरीला लागतं ते टायपिंग, हिशेबाचं पॅकेज, सगळं दुसऱ्या महिन्यापासून शिकवीन. पण पॅकेज दोन वर्षांत बदलतं, आणि पाठ केलेलं वाया जातं. मघाशी मशीन चुकलं तेव्हा का चुकलं ते अंजलीला कळलं. ज्याला ते कळतं, त्याला नवं पॅकेज आलं तरी भीती नसते.”

बापूसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवले. “आमच्या दुकानात बी तसंच हाय. बटण दाबणारे शंभर मिळत्यात. मोटार का जळली ते सांगणारा एखादाच.” ते नीळकंठरावांकडे वळले. “हॉल द्यायचा तर ह्या बाईलाच. पुण्याचा कोण माणूस म्हनत हुता तुमी, त्याला तिकडंच ऱ्हाऊ द्या.”

नीळकंठराव उठले. त्यांना आनंदही झाला होता आणि थोडे अवघडल्यासारखेही. “ठरलं तर. प्रियदर्शनी, सोमवारपासून इंदापूर तुझं. फक्त पुस्तक आपलं तेच ठेवू, छापून आलंय.”

“दुसऱ्या महिन्यापासून तेच ठेवू,” ती म्हणाली. “पहिल्या महिन्यात फळा आणि सोळा घरं. आणि हार्ड डिस्कवरची बंदी इथं नको सर. माझं काम मी मशीनवरच ठेवणार.”

“आणि पालकांनी विचारलं तर?”

“त्यांना माझ्याकडं पाठवा.”

नीळकंठरावांनी बापूसाहेबांकडे पाहिले. बापूसाहेब पुन्हा मशीनसमोर बसून कोयत्याशी झुंजत होते. “बरं,” नीळकंठराव म्हणाले.

हॉल रिकामा होत होता. गोजरबाई जिन्यापाशी उभी राहून लेकीला हाका मारत होती, गाडी चुकेल म्हणून. अंजली मात्र फळ्यासमोरून हलत नव्हती. तिने सोळा घरांना उजवीकडे आणि खाली आणखी एकेक ओळ जोडली होती.

“मॅडम, पाच बाय पाचचा ठोकळा का न्हाय करायचा?”

‘तसंच असतं’ हे उत्तर प्रियदर्शनीच्या तोंडाशी आले नाही. उत्तर तिला ठाऊक होते, पण तिने तेही दिले नाही. तिने अंजलीच्या हातातला खडू घेतला, पंचवीस घरांवर एक बारीक प्रश्नचिन्ह काढले आणि खडू तिला परत दिला.

“उद्या दहाला ये. दोन आकड्यांत सोळाच घरं मावतात. पंचवीस कशी मावतील, ते तू मला सांग.”